डीजीपीएसने मोजलेली उंची समुद्रसपाटीवर कशी आणाल?

जुहूच्या वाळूत उभं राहून जीपीएस ॲप उघडलं, तर काही अँड्रॉइड फोन उंची उणे 60 मीटरच्या आसपास दाखवतात. शेजारचा आयफोन दोन-चार मीटर म्हणतो. बिघाड कुठेच नाही, दोघांनी शून्य वेगळं धरलंय.

शेतात डीजीपीएसचा (सर्वेक्षणाच्या अचूक जीपीएसचा) रोव्हर, म्हणजे पोलवर बसवून बिंदूबिंदूवर नेायचा रिसीव्हर, लावला तरी हेच होतं. त्याला मिळणारी उंची असते डब्ल्यूजीएस 84 या इलिप्सॉइडपासूनची. हा पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार; त्याचा पाण्याशी संबंध नाही. गवंडी पाण्याच्या नळीने लेव्हल काढतो, ती मात्र गुरुत्वाकर्षणाने ठरते. तशीच पातळी समुद्रसपाटीला धरून जमिनीखालून ओढत नेली की जिऑइड मिळतो. आपल्याकडे तो इलिप्सॉइडच्या खाली आहे: मुंबईत सुमारे 65 मीटर, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात शंभरहून जास्त.

म्हणून मोजणीआधी काम देणाऱ्याला विचारा, आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरवलेल्या शून्यापासूनची उंची) कशावरून हवी? सर्वे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, की साइटवरच्या 100.000 धरलेल्या टीबीएमवरून, म्हणजे तात्पुरत्या बेंचमार्कवरून? मुंबईत तर महापालिकेचा टाऊन हॉल डेटम, म्हणजे उंची मोजायचं शून्य, वेगळाच. त्यातले आकडे समुद्रसपाटीच्या आकड्यांपेक्षा वीस मीटरहून जास्त असतात.

मग जवळचा बेंचमार्क शोधा. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर उंची लिहिलेली असते, पण ती वाचायला ठीक. तिच्यावरून प्लिंथ (इमारतीचं जोतं) ठरवू नका.

बेंचमार्कवर रोव्हर बायपॉडला (दोन पायांच्या आधाराला) लावून सरळ उभा करा आणि 'फिक्स', म्हणजे जागा पक्की ठरल्याची खूण, आल्यावरच रीडिंग घ्या. 'फ्लोट'वर, म्हणजे जागा अजून पक्की नसताना, घेतलेली उंची फेकून द्या. पोलची उंची कंट्रोलरमध्ये (रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात) तीच टाकलीय ना, हे डोळ्यांनी बघा. पोल 2 मीटरवर आणि कंट्रोलरमध्ये 1.8 असेल, तर 20 सेंटीमीटरची चूक प्रत्येक बिंदूत मुकाट शिरते.

आता वजाबाकी. समजा पुण्याजवळच्या बेंचमार्कची आरएल 561.240 आहे आणि रोव्हर 495.105 दाखवतोय. रोव्हरच्या आकड्यातून आरएल वजा केली की उणे 66.135 उरतात, हा तिथला जिऑइडचा फरक. पुढे प्रत्येक बिंदूच्या उंचीतून हा आकडा वजा करायचा. तो उणे असल्याने प्रत्यक्षात 66.135 मिळवायचे. गडबड इथेच होते: चिन्ह उलटं पडलं की उत्तर थेट 132 मीटरने चुकतं. त्यातल्या त्यात बरं, एवढी चूक लपत नाही.

लपते ती छोटी चूक. सॉफ्टवेअरमध्ये ईजीएम 2008 हे जिऑइड मॉडेल निवडलं की वजाबाकी आपोआप होते आणि आकडे ओळखीचे दिसू लागतात. पण हे जगभरासाठीचं मॉडेल आहे. आपल्या बेंचमार्कशी त्याचा काही डेसिमीटरचा फरक निघू शकतो. कंटूरच्या (समान उंचीच्या रेषांच्या) ढोबळ नकाशाला चालेल, गटाराच्या उताराला नाही. मॉडेल ठेवाच, पण बेंचमार्कवर येणारा फरक काढून तेवढी दुरुस्ती द्या.

एका प्लॉटला एक बेंचमार्क पुरतो. कालवा किंवा पाइपलाइन असेल तर नाही, कारण जिऑइड स्वतः तिरका आहे. किलोमीटरमागे काही सेंटीमीटर सहज सरकतो. कालव्याचा उतार 5000ला 1 म्हणजे किलोमीटरला जेमतेम 20 सेंटीमीटर. त्यातून एवढं गेलं तर पाण्याचा हिशेबच बिघडतो. अशा कामाला दोन्ही टोकांना आणि मधे बेंचमार्क घ्या, सॉफ्टवेअरमध्ये साइट कॅलिब्रेशन करा, म्हणजे मोजलेल्या उंची या सगळ्या बेंचमार्कशी जुळवून घ्या. एक बेंचमार्क हिशेबाबाहेर ठेवून शेवटी त्यावर तपासा. मिलिमीटरची अचूकता हवी असेल, तर सरळ ऑटो लेव्हल (आडवी पातळी दाखवणारी दुर्बीण) आणि स्टाफ (मोजपट्टी) काढा. तिथे उपग्रहाचा हट्ट नको.

नकाशा देताना कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा: कोणत्या बेंचमार्कवरून, त्याची आरएल किती धरली, कोणतं जिऑइड मॉडेल वापरलं. रोव्हरची कच्ची फाइलही जपून ठेवा. पुढे बेंचमार्कची आरएल बदलली, तर मोजणी पुन्हा न करता नुसता हिशेब बदलता येतो.