बारावीनंतर परदेशात पदवी: कोल्हापूरच्या मुलांसाठी

आधी विषय पक्का करा, मग देश. इंग्लंडमध्ये पदवी बहुतेक 3 वर्षांची; विषय अर्ज भरतानाच ठरतो, नंतर बदलणं अवघड. स्कॉटलंड आणि अमेरिकेत 4 वर्षं. मन ठरत नसेल तर अमेरिकाच बरी, तिथे मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाअखेर जाहीर करता येतो. जर्मनीत नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. इंजिनिअरिंगसाठी जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण हवं, नाहीतर इथेच त्या विषयाचं पहिलं वर्ष पूर्ण करावं लागतं.

गाडं अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात. त्यात स्पेलिंग जुळलं नाही की कागदपत्रं परत येतात. दुरुस्ती शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे करावी लागते. म्हणून अकरावीतच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.