डर्ट ट्रॅकवर पहिल्यांदा जाताय? गाड्यांआधी माती बघायला शिका

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना नॅस्कार माहीत असतं, फॉर्म्युला वन तर असतंच, पण गावाबाहेर मक्याच्या शेतांमधे शनिवारी रात्री मोठे लाइट दिसतात आणि लांबवरून घरघर ऐकू येते त्या डर्ट ट्रॅककडे, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवरच्या कार रेसकडे फारसं कोणी वळत नाही. मी सात-आठ सीझन जातोय, ओळखीच्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा घेऊन गेलोय, आणि पहिल्या तासात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, की गाड्या नुसत्या गोल गोल फिरतायत, यात बघायचं काय? त्यांचं चुकत नाही, ते गाडी बघत असतात. डर्ट ट्रॅकवर बघायची असते माती, ती एकदा कळली की गाड्या आपोआप कळतात.

आधी जायचं कुठे ते. पहिल्याच खेपेला मोठ्या इव्हेंटला जाऊ नका. आयोवातल्या नॉक्सव्हिलची नॅशनल्स (१९६१ पासून, दर ऑगस्टमधे, आणि गाव जेमतेम साडेसात हजार वस्तीचं!) किंवा ओहायोतल्या एल्डोराची वर्ल्ड १०० म्हणजे वारी आहे, तिथे नंतर जाच, पण सुरुवात जवळच्या दर आठवड्याला चालणाऱ्या ट्रॅकवर करा. सेंट्रल पेनसिल्व्हेनियात असाल तर नशीबवान आहात, शुक्रवारी विल्यम्स ग्रोव्ह, जे १९३९ पासून चालू आहे, आणि शनिवारी लिंकन किंवा पोर्ट रॉयल, एका वीकेंडला दोन ट्रॅक होतात. छोट्या ट्रॅकवर गर्दी कमी, पार्किंग जवळ, आणि शेजारी बसलेला माणूस बहुतेक कुठल्यातरी ड्रायव्हरचा काका नाहीतर शाळेतला मित्र असतो. निघायच्या आधी ट्रॅकचं फेसबुक पेज बघा, पाऊस झाला तर रेस रद्द होते, आणि तिकीट फेकू नका कारण रेन चेकचे (रद्द झालेल्या रेसचं तिकीट नंतर वापरायचे) नियम ट्रॅकप्रमाणे बदलतात.

सोबत काय न्यायचं: कानासाठी इअरमफ, लहान मुलांना तर हवेतच, यात तडजोड नको. साधा चष्मा किंवा गॉगल. जुने गडद कपडे, रात्रीसाठी जाकीट, आणि एक जुनं ब्लँकेट. ब्लँकेट थंडीसाठी नाही, जागेसाठी! लोक दुपारीच येऊन फळ्यांवर ब्लँकेटं अंथरून जातात आणि संध्याकाळपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. दुसऱ्याचं ब्लँकेट सरकवून बसायचा विचारही करू नका, इथे तो मोठा अपमान आहे.

बसायचं वर, शक्यतो टर्न फोरच्या (चौथ्या, शेवटच्या वळणाच्या) बाजूला, जिथून सगळा ट्रॅक एका नजरेत येतो. खाली कुंपणाजवळ बसलं की छान दिसेल असं वाटतं. मी पहिल्यांदा मुलीला घेऊन टर्न वनच्या खालच्या रांगेत बसलो होतो आणि तिसऱ्याच लॅपला सुपारीएवढं चिकणमातीचं ढेकूळ तिच्या मांडीवर येऊन आपटलं. ती रडायला लागली, मी घाबरलो, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजींनी आम्हाला वर बोलावलं, स्वतःचं ब्लँकेट थोडं सरकवून जागा दिली, आणि ते ढेकूळ माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "दाबून बघ." दाबलं तर मऊ, पण बोटाला चिखल लागत नव्हता. "हे असं आहे तोवर सगळ्या गाड्या खालून, आतल्या कडेने पळतील, तासाभराने हेच बघ."

त्या आजींमुळे मी शिकलो. शेतीतला वाफसा माहीत असेल ना, जमीन ओली पण चिखल नाही, औत घालायला एकदम बरोबर? रात्रीच्या सुरुवातीला ट्रॅक तसा असतो, ते लोक त्याला टॅकी म्हणतात. त्यासाठी दिवसभर टँकरने पाणी मारतात, ग्रेडरने सारखं करतात, मग गाड्या हळूहळू फिरवून माती दाबतात. वाफशात टायरची पकड जबरदस्त असते, वेग सगळ्यात जास्त तेव्हाच. नॉक्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर स्प्रिंट कार या उघड्या चाकांच्या गाडीची फेरी पंधरा सेकंदांच्या आसपास होते. मग ऊन, वारा आणि टायर मिळून ओल खेचून घेतात, मधला पट्टा काळा चकचकीत व्हायला लागतो, तो स्लिक. आणि उडालेली सुटी माती वरच्या कडेला बांधासारखी साचते, ते कुशन. आता ड्रायव्हरपुढे दोनच रस्ते, खाली आतल्या कडेला हळू पण जवळून जायचं, किंवा उजवं मागचं चाक त्या बांधाला टेकवून वरून लांबचा फेरा पण वेगात मारायचा. जरा जास्त वर गेला की बांध ओलांडून भिंत. रेस इथे होते! दर दहा लॅपला बघा कोण कुठली लाइन सोडून कुठे गेला, मग पाचव्या नंबरवरचा माणूस पुढच्या सहा लॅपमधे काय करणार ते तुम्हालाच आधी दिसायला लागेल.

गाड्यांचं थोडक्यात सांगतो. डोक्यावर मोठा विंग (पंखासारखा पत्रा) असलेली उघड्या चाकांची ती विंग्ड स्प्रिंट कार. मोठ्या क्लासमधे इंजिन ४१० क्युबिक इंचांचं, ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या घरात, आणि वजन ड्रायव्हरसकट १४०० पौंडांच्या आसपास. स्टार्टर नाही, क्लच नाही, म्हणून मागून ट्रक ढकलतो आणि इंजिन पेटतं, हे पहिल्यांदा जवळून नक्की बघा. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं असतं त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे वळायला बघते, आणि मागची बाजू घसरत असल्यामुळे वळणात स्टिअरिंग उजवीकडे असतं. ट्रॅक स्लिक झाला की ड्रायव्हर आत बसूनच विंग मागे सरकवतो, तेही वरून दिसतं. लेट मॉडेल म्हणजे पत्र्याच्या बॉडीची रुंद गाडी. आणि स्ट्रीट स्टॉक वगैरे छोटे क्लास चालू झाले की हॉटडॉग आणायला उठू नका प्लीज, आठवडाभर नोकरी करून रात्री गॅरेजमधे गाडी बांधणारी माणसं त्यात असतात आणि सगळ्यात जीव तोडून तीच लढतात.

कार्यक्रम असा असतो: हॉट लॅप्स म्हणजे सराव, मग आठ-दहा लॅपच्या हीट म्हणजे पात्रता फेऱ्या, त्यात जे मागे उरले त्यांना दुसरी संधी म्हणून बी-मेन, आणि शेवटी फीचर म्हणजे ए-मेन, मुख्य रेस. बऱ्याच ठिकाणी फॉर्मात असलेल्यांना मागे उभं करतात, म्हणून पहिल्या रांगेकडे नाही, चौथ्या-पाचव्या रांगेकडे लक्ष ठेवा. स्लायडर हा शब्द लक्षात ठेवा, खालून घुसून आडवं घसरत समोरच्याच्या नाकापुढे वर जायचं. लगेच उड्या मारू नका, कारण मागचा हुशार असेल तर तो खाली वळून पुढच्याच कोपऱ्यात जागा परत घेतो. टर्नजवळ दोन्ही हातात काठ्या धरून उभा असलेला माणूस दिसेल, तो टीमचा. ड्रायव्हरशी बोलायला टीमकडे रेडिओ नसतो, मागचा किती जवळ आलाय ते काठ्यांमधल्या अंतरावरून सांगतात.

गाडी उलटली की लाल झेंडा, सगळे जागेवर थांबतात. तेव्हा मोबाईल वर करून शूट करू नका, सगळं स्टँड गप्प असतं, ड्रायव्हर जाळी काढून बाहेर आला की सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, तो कोणाचा का असेना. हे मला या लोकांचं फार आवडतं. आवडता ड्रायव्हर निवडायचा तर तिथलाच एखादा निवडा. पेनसिल्व्हेनियात तर स्थानिक ड्रायव्हरांना पॉसी म्हणतात आणि १९७८ पासूनची, देशभर फिरणारी वर्ल्ड ऑफ आउटलॉज मालिका आली की अख्खं स्टँड पॉसीच्या बाजूने. काइल लार्सन २०२१ मधे नॅस्कार कपचा चॅम्पियन झाला, त्याच वर्षी नॉक्सव्हिल नॅशनल्सही जिंकला, तोही अशाच मातीतून आलेला.

फीचर संपलं की लगेच पार्किंगकडे पळू नका. बऱ्याच ट्रॅकवर रेस झाल्यावर पिटात (गाड्या आणि टीम असतात तिथे) सोडतात, पायात बंद बूट हवेत. मिथेनॉलने (या गाड्यांच्या इंधनाने) डोळे थोडे चुरचुरतील. टीमची पोरं खरवडणीने बॉडीखालचा चिखल काढत असतात, चौथ्या-पाचव्या नंबरवर आलेल्या ड्रायव्हरकडे जा, तिथे गर्दी नसते, टर्न थ्रीला वर का गेलास एवढंच विचारा, तो दहा मिनिटं हातवारे करून सांगेल आणि मुलांना गाडीत बसवेल. माझ्या मुलीला बसवलं तेव्हा तिने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि तो म्हणाला, हिला कोणी शिकवलं?

घरी आल्यावर कपड्यांवरची माती ओली असताना पुसू नका, डाग पसरतो. रात्रभर वाळू द्या, सकाळी बाहेर झटका, मग धुवा. केसातली मात्र दोनदा धुतल्याशिवाय निघत नाही.