कोडिंगशिवाय चॅटबॉट: आधी फाइल नीट करा
चॅटजीपीटीत ‘जीपीटी’ किंवा जेमिनायमध्ये ‘जेम’, म्हणजे आपल्या कामापुरता स्वतःचा चॅटबॉट, बनवायला कोडिंग लागत नाही. साध्या मराठीत सूचना लिहायच्या आणि फाइल जोडायची. खरी मेहनत त्या फाइलची. सोसायटीच्या उपविधींवर बॉट करताय? मग झेरॉक्सचा स्कॅन तसाच चढवू नका, त्यातली जोडाक्षरं अनेकदा चुकीची वाचली जातात. पार्किंग, भाडेकरू, मेंटेनन्स यांवर सभासद नेहमी जे विचारतात, ते प्रश्न उत्तरांसकट टाइप करून द्या. सूचनांमध्ये एक वाक्य हवंच: ‘उत्तर फाइलमध्ये नसेल तर अंदाज बांधू नकोस, सचिवांना विचारायला सांग.’ लिंक वाटण्याआधी फाइलमध्ये नसलेलंच काहीतरी मुद्दाम विचारा. थापा मारत असेल तर तिथेच कळतं. आणि थकबाकीदारांची यादी चुकूनही जोडू नका, बॉट ती कुणालाही वाचून दाखवू शकतो.