सोलापुरात राहून समुद्राचा अभ्यास

आमच्या घरात समुद्र आला तो टॉवेलमुळे. काकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. जानेवारी 2024 मध्ये न्हावाशेवाहून युरोपला निघालेला त्यांचा कंटेनर दोन आठवडे उशिरा पोचणार, असा एजंटचा फोन आला. येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं तांबडा समुद्र आणि सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालत होती. काका भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत होते. मोजता मोजता मला म्हणाले, "एवढ्या देशांच्या नेव्ही आहेत की तिथं, मग अडवायला काय झालं?"

मी तेव्हा पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्रात एमए करत होते. मला उत्तर देता आलं नाही. वर्षभर मी विमानवाहू नौका आणि पाणबुड्यांचे आकडेच गोळा केले होते. नव्यानं सागरी सुरक्षेच्या विषयाकडे येणाऱ्यांनी ते वर्ष वाचवावं म्हणून हे लिहितेय.

आधी कायदा वाचा. 1982 चा सागरी कायद्याचा करार मोठा आहे, पण चाचेगिरीवरची कलमं (100 ते 107) एका बैठकीत होतात. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत जहाज लुटलं तर ती त्या देशाची हद्द, म्हणून कायद्यानं ती चाचेगिरी नाही. चाचेगिरीच्या व्याख्येत हेतू खासगी लागतो; हुथींचा राजकीय, त्यामुळे तेही तिच्यात सहज बसत नाहीत. माझ्या पहिल्या निबंधात मी या दोन्हींना चाचेगिरीच म्हटलं होतं, आणि तो अख्खा निबंध मला पुन्हा लिहावा लागला.

मग एकच घटना घ्या आणि ती पूर्ण उकला. मी 'रुएन' या मालवाहू जहाजाच्या अपहरणाची घेतली. झेंडा माल्टाचा, कंपनी बल्गेरियाची, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, चाचे सोमाली. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकातानं 17 खलाशी सोडवले आणि 35 चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. भारतानं 2022 मध्ये चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता, म्हणून खटला कुठे आणि कशाखाली चालवायचा हे अडलं नाही. असा कायदा आणि देशादेशांत सहकार्य नसेल तर पकडलेला माणूस सोडून द्यायची वेळ येते, हे मला तिथं कळलं.

मलबार (1992 पासून) आणि मिलन (1995 पासून) या अनेक देशांच्या नौदल सरावांच्या बातम्या वाचाच. माझं लक्ष मात्र गुरुग्रामच्या सागरी माहिती केंद्राकडे जास्त असतं. 2018 मध्ये नौदलानं ते सुरू केलं. मित्रदेशांचे अधिकारी तिथं शेजारी बसून कुठल्या पाण्यात काय घडलं ते पडताळतात. त्यांचा मासिक अहवाल नेटवर मिळतो. आणि गुरुग्रामला तरी कुठे समुद्र आहे?

नकाशासाठी शाळेतला पृथ्वीगोल आणा. सपाट नकाशावर अंतरं फसवतात. मी कारखान्यातला लाल दोरा घेऊन न्हावाशेवा ते हॅम्बुर्ग दोन्ही वाटांनी लावला आणि काकांसमोर धरला. मग सांगितलं: तांबड्या समुद्रात जहाजं राखायची अमेरिकेची मोहीम वेगळी, युरोपची वेगळी, भारत दोन्हींत नाही, त्याची जहाजं स्वतंत्र. क्षेपणास्त्र पाडता येतं, पण वाट ठरवते जहाज कंपनी, आणि तिला विम्याचा हप्ता परवडावा लागतो.

काकांनी दोऱ्याची दोन टोकं जुळवली, उरलेला भाग वितीनं मोजला आणि विचारलं, "मग पुढच्या ऑर्डरला किती दिवस धरू?"