रात्रपाळी करून आल्यावर झोपायचं कसं

‘जैविक घड्याळ’ म्हटलं की माझ्या जावेला मूल होण्याचं वय आठवतं. तोही अर्थ बरोबरच, वयाबरोबर बाईची स्त्रीबीजं कमी होत जातात. पण मी नर्स, बारा वर्षं रात्रपाळ्या करतेय. मला रोज भेटतं ते झोपेचं घड्याळ.

ते मेंदूत असतं, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर. त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा; रोज ते जुळवतो उजेड. पेशींमध्ये ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

म्हणून आधी उजेड सांभाळा. सकाळी सुटल्यावर मी गॉगल लावते आणि बसने येते. डोळ्यांवर झोप असताना स्कूटी चालवू नका, अगदी कळकळीने सांगते. खिडकीला जाड गोधडी, फोन स्वयंपाकघरात. शेवटचा चहा रात्री दोनला, कारण चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं.

पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं, लक्ष उडतं. एकदा त्या वेळी मी सलाईनवर चुकीचं लेबल लावत होते. सोबतच्या सिस्टरने हात धरला. तेव्हापासून चार वाजता प्रत्येक डोस आम्ही दोघी मिळून, मोठ्याने वाचून तपासतो.

घरच्यांना झोपेची वेळ लिहून द्या. सासूबाई आता दुपारी दोनपर्यंत कुकरही लावत नाहीत.