घानाला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

घानाच्या राजधानीच्या, म्हणजे अक्राच्या प्रवासातली सर्वात महागडी चूक घर सोडण्याआधीच होते. तिकीट निघतं, रजा मंजूर होते आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, ‘यलो फीवरची, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या पिवळ्या तापाची लस घेतलीस ना?’

घानात उतरताना 9 महिन्यांवरील प्रत्येकाला या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळी पुस्तिका लागते, आणि ते लस टोचल्यावर 10 दिवसांनी ग्राह्य होतं. 20 तारखेला लस घेतली तर प्रमाणपत्र 30 पासून चालतं. विमान 27 चं असेल तर पुस्तिका हातात असूनही उपयोग नाही. शिवाय ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तीही बहुतेक ठिकाणी ठरावीक वारी. एका बाटलीत अनेकांचे डोस असतात आणि बाटली एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्र माणसं जमवून लस देतं. तेव्हा निदान 5-6 आठवडे आधी नंबर लावा. लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते आणि अंड्यात वाढवलेली असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय असेल, तर नंबर लावण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

पिवळी पुस्तिका हातात पडली की केंद्रातून बाहेर पडण्याआधी ती वाचा. आपल्याकडे मधलं नाव घोळ घालतं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि पुस्तिकेत ते गळतं. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, बॅच नंबर, शिक्का, डॉक्टरांची सही आणि तुमची स्वतःची सही, सगळं तपासा. जुन्या पुस्तिकेवर 10 वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नका. 2016 पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरतात. परतताना भारतातही ही पुस्तिका मागतात आणि नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत नको, पासपोर्टसोबत ठेवा.

दुसरी चूक मनातली असते: ‘मलेरिया काय, आपल्याकडेही होतो.’ घानात तो देशभर, बारा महिने असतो आणि मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी तिथे चालत नाही. डॉक्टर बहुधा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. दोन्ही निघण्याच्या 1-2 दिवस आधी सुरू करून रोज घ्यायच्या. गफलत होते ती परतल्यावर. घरी आलो, डास संपले, गोळी बंद! पण मलेरियाचा परजीवी आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तात उतरतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही मारा करते, म्हणून परतल्यावर 7 दिवस पुरतात. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तात काम करते, म्हणून 4 आठवडे घ्यावीच लागते. ती भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवे होऊ नका आणि उन्हात अंग झाका, कारण तिने त्वचा पटकन भाजू शकते.

गोळ्या चोख घेतल्या तरी परतल्यावर काही महिने ताप अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा, ‘मी घानाहून आलोय.’ हे सांगितलं नाही तर ताप डेंग्यू किंवा व्हायरल समजला जाऊ शकतो, आणि फाल्सिपेरम वाट पाहत नाही. रक्ततपासणी त्याच दिवशी करा. निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर 12-24 तासांनी पुन्हा करून घ्या.

औषधांच्या पिशवीत आणखी एक धोका आहे. घानाने 2018 मध्ये कोडीन (अफूच्या गटातलं द्रव्य) असलेल्या खोकल्याच्या औषधांवर बंदी घातली, आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गैरवापरामुळे तिथली यंत्रणा त्याबाबत फार कडक आहे. घरातली बाटली सवयीने बॅगेत टाकू नका. लागणारी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

पैशांचं गणित वेगळं आहे. यूपीआयच्या भरवशावर निघू नका, आणि रुपये तिथे बदलून मिळतील असंही धरू नका. डॉलर न्या, पण कोरे. घडीवर फाटलेली किंवा पेनाने आकडा लिहिलेली नोट फॉरेक्स ब्युरोवाला परत करतो, आणि छोट्या नोटांना दर कमी मिळतो. डेबिट कार्डावर परदेशी वापर बंद असतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये चालू करा. एटीएमसाठी व्हिसा कार्ड सर्वात भरवशाचं. बाजारात रोख सेडी (घानाचं चलन) किंवा ‘मोमो’ म्हणजे मोबाइल मनी चालतं.

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, पण सॉकेट बहुतेक ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचे असतात. दोन ॲडॉप्टर न्या. पॉवर बँकही हवी, कारण वीज जाण्या-येण्याला तिथे ‘दुमसोर’ असं खास नावच आहे: बंद-चालू.

शाकाहाऱ्यांनी ‘नो मीट’ म्हणून थांबू नये. अनेकदा मासे त्यात धरले जात नाहीत. चवळीच्या उसळीत आणि भाज्यांच्या रश्शात सुकी किंवा धुरावलेली मासळी असू शकते, काळ्या ‘शितो’ चटणीत सुकट असते आणि टोमॅटोचा जोलोफ भात बऱ्याचदा मटणाच्या किंवा चिकनच्या पाण्यात शिजतो. ‘नो फिश, नो चिकन, नो श्रिम्प, नो मीट स्टॉक’ असं एकेक नाव घेऊन विचारा. ‘रेड रेड’ म्हणजे पाम तेलातली चवळी आणि तळलेली केळी. मासळी नसल्याची खात्री केली की पोटभर जेवण होतं. आलं-मिरची लावलेली ‘केलेवेले’ केळी तर आपल्याला लगेच आवडतात. पाणी अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत विकतात आणि लोक कोपरा दाताने फाडून पितात. ओल्या हातांतून फिरलेला तो कोपरा तोंडात घालण्याऐवजी पिशवी पुसून कात्रीने कापा. पहिले काही दिवस सीलबंद बाटलीच बरी.

पैसे, वस्तू, हस्तांदोलन, काहीही डाव्या हाताने देऊ-घेऊ नका. आपल्याकडे देवाच्या प्रसादाला जो नियम, तो तिथे रिक्षाभाड्यालाही लागू आहे. पत्ता विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. थेट प्रश्न उद्धटपणा वाटतो. लष्करी छापाचे कपडे मात्र घरीच ठेवा. सामान्य नागरिकांना ते घालण्यास बंदी आहे, मग ती फॅशनेबल कार्गो पँट का असेना.