अंबाजोगाई एका दिवसात नीट कशी बघायची

आपल्याकडची लोकं काय करतात, परळीला वैजनाथाचं दर्शन घ्यायचं, २५ किलोमीटर वर अंबाजोगाईला यायचं, योगेश्वरीपुढं हात जोडायचे अन् तासाभरात गाडी लातूरकडं. माझी आत्या तिथंच दिलेली, त्यामुळं हे बघून खरंच जीव तुटतो. बालाघाटाच्या माथ्यावरचं हे गाव आहे, त्याला सकाळ ते संध्याकाळ द्या.

सकाळी आधी देवीचं दर्शन उरका. मार्गशीर्षात जाऊ नका असं नाही, पण सप्तमी ते पौर्णिमा देवीचा उत्सव असतो, तेव्हा गर्दी धरून चला. ही कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवी, एवढ्या लांब कशी? तर सांगतात की वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला अन् देवी इथंच राहिली, वऱ्हाडाचे दगड झाले.

ही गोष्ट डोक्यात ठेवूनच हत्तीखान्यात जा, जयवंती नदीजवळ आहे. खडक खोदून केलेली शिवलेणी, मधे नंदीचा मंडप अन् अंगणात दगडाचे हत्ती. हत्तीच्या पाठीवर हात ठेवून बघा, बाहेर ऊन कितीही असू द्या, सावलीतला दगड गार लागतो. मोबाईल खिशात ठेवून अर्धा तास नुसतं बसा.

मग इथले संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५). त्यांची पासोडी म्हणजे जवळपास ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून जग कसं बनलं ते सांगणारा वेदान्तातला विचार. कागद पुरेना म्हणून की काय, माणसानं अंगावर पांघरायच्या कापडावर वेदान्त लिहिला! गावात गेल्यावर आधी चौकशी करा, पासोडी कायम उघडी नसते.

जुन्या माणसांशी बोलताना मोमिनाबाद हे नाव कानावर आलं तर गोंधळू नका, निजामाच्या काळातलं ते याच गावाचं नाव, तेव्हा इथं घोडदळाची छावणी होती. अन् त्याच निजामाविरुद्ध मुक्तिसंग्राम चालवणारे स्वामी रामानंद तीर्थ इथंच शाळेत शिकवायचे, इथल्या मेडिकल कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

मराठीचे आद्यकवी म्हणतात त्या मुकुंदराजांची समाधी मात्र उन्हं उतरल्यावर, शेवटी ठेवा. गावाबाहेर डोंगराच्या कडेला आहे, खाली दरी, पावसाळ्यानंतर गेलात तर सगळं हिरवंगार. त्यांच्या विवेकसिंधू या मराठी ग्रंथाचा काळ शके १११० सांगतात, म्हणजे इ.स. ११८८, ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधी. मराठी बोलणाऱ्या माणसानं इथं पायातलं काढून दोन मिनिटं तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं. पाण्याची बाटली गावातूनच भरून न्या, अन् अंधार पडायच्या आत वर गावाकडं निघा.